खिशातल्या चाकूंचा संग्रह : सुरुवात कोठून करावी?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी तासगाव तालुक्यातील असून कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरीस आहे. घरी द्राक्षबाग आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा घडीचा चाकू सापडला. त्याला दोन पाती आहेत, मूठ काळ्या शिंगाची आहे आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी इंग्रजीत ‘शेफील्ड’ एवढेच वाचता येते. बाकीची अक्षरे गंजात गेली आहेत. तेव्हापासून खिशात मावणारे चाकू जमवण्याचे मनाने घेतले आहे. परंतु इंटरनेटवर हजारो प्रकार दिसतात आणि सुरुवात कोठून करावी ते समजत नाही. आजोबांचा चाकू कंपनीतल्या बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरून लखलखीत करावा काय? आई म्हणते, चाकूसुऱ्या जमवण्याची ही कसली हौस! वडिलांना पोलिसांची धास्ती वाटते आणि पैसे वाया जातील असेही वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

– एक वाचक, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो, कारण त्यांपैकी एकाचे उत्तर तातडीचे आहे. आजोबांचा चाकू बफवर धरू नका. टूलरूममधील माणसाचा हात बफकडे जाणे स्वाभाविक आहे आणि पाच मिनिटांत पाते आरशासारखे होईलही; परंतु त्या पाच मिनिटांत पात्याच्या बुडाशी उरलेली अक्षरे कायमची पुसली जातील, आणि जुन्या चाकूची ओळख सांगणारा बहुतेक सारा पुरावा त्या अर्ध्या इंचाच्या जागेतच असतो. दुसरी गोष्ट तुम्हाला कामामुळे ठाऊकच असेल. त्या काळातील पाती साध्या कार्बन स्टीलची असत, पाणी दिल्यानंतर (म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्यानंतर) त्यांचे टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा बेताने तापवणे, साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास होत असे, आणि धारेजवळची कागदासारखी पातळ कड बफच्या घर्षणाने क्षणात त्याहून अधिक तापते. कडेवर निळसर छटा आली की तेथील कठीणपणा गेला, मग ती कड कितीही घासली तरी धार टिकत नाही. शिवाय शिंगाची मूठ उष्णतेने आक्रसते, तडकते आणि रिव्हेटभोवती फाटते.

त्याऐवजी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडून चाकू दिवसभर तसाच राहू द्यावा. नंतर पाते हलके हलके उघडून मिटून पाहावे. पक्कड लावून ओढू नये, कारण जुनी कमान (पाते दाबून धरणारी मुठीतील स्प्रिंग) ताणाने तुटू शकते आणि ती बदलून देणारा कारागीर आता सहजी मिळत नाही. सांध्यातून काळपट मळ बाहेर येईल, तो सुती कापडाने टिपावा आणि पुन्हा तेल सोडावे. मुठीच्या खाचेत साचलेली घाण दातकोरणीच्या लाकडी काडीने काढावी. पात्यावरचा लाल गंज तेल लावून अगदी बारीक स्टील वूलने घालवता येतो, मात्र अक्षरांच्या जागेवर ते वूलही फिरवू नये. गंज आणि काळसर-करडा थर यांत मात्र फरक करायला हवा. लाल गंज लोखंड खातो. करडा थर वर्षानुवर्षांच्या वापराने, फळांच्या आणि भाज्यांच्या आंबटपणाने आलेला असतो, तो पात्याचे काही प्रमाणात रक्षणच करतो, आणि जाणकार संग्राहक तो असलेल्या चाकूला घासून चकचकीत केलेल्या चाकूपेक्षा अधिक मान देतात. आजोबांनी त्या पात्याने द्राक्षाचे घड उतरवले असतील, सुपारी फोडली असेल, सुतळी तोडली असेल. त्या सगळ्याचा रंग पात्यावर आहे, तो राहू द्यावा.

अक्षरे वाचण्यासाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश बाजूने, अगदी तिरपा पाडावा आणि मोबाइलने वेगवेगळ्या कोनांतून छायाचित्रे घ्यावीत. उघड्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही अनेकदा सावलीमुळे उमटतात. शेफील्ड हे इंग्लंडमधील पोलादाचे गाव. तेथील जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही कंपनी तारा आणि माल्टीज क्रॉस या खुणेमुळे जगभर ओळखली जाई, तर जॉर्ज वोस्टनहोम यांची खूण ‘आय एक्स एल’ अशी असे. पात्यावर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही आर’ अशी अक्षरे असल्यास ती राणी व्हिक्टोरियाच्या काळाकडे, म्हणजे 1901 पूर्वीकडे निर्देश करतात आणि ‘जी आर’ असल्यास बहुधा 1910 नंतरच्या जॉर्ज राजांकडे. गावाच्या नावाखाली ‘इंग्लंड’ असा स्वतंत्र शब्द असेल तर चाकू बहुधा 1891 नंतरचा समजावा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केल्यानंतर ती पद्धत रुळली. या खुणांवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. शेफील्डच्या नावाची नक्कल इतकी सर्रास होत असे की ब्रिटिश संसदेला 1887 साली मालावरील खुणांचा कायदा करावा लागला, आणि त्याचा मुख्य रोख जर्मनीतून खोट्या नावाने येणाऱ्या मालावर होता. म्हणून एका खुणेवरून निकाल न देता पात्याचा आकार, रिव्हेटची पद्धत, मुठीचे साहित्य आणि घरातील आठवणी हे सारे एकत्र ताडून पाहावे. आजोबांनी तो कोठून घेतला हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून लिहून ठेवावे.

मूठ गुळगुळीत, काळी आणि एकसंध असेल तर ती बहुधा म्हशीच्या शिंगाची आहे आणि त्याबद्दल काही चिंता नाही. खडबडीत, पन्हळी आणि तपकिरी-पांढरी मूठ सांबराच्या किंवा चितळाच्या शिंगाची असू शकते. पुढे बाजारात अशा मुठींचे किंवा हस्तिदंती मुठींचे चाकू दिसले तर कितीही मोह झाला तरी घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली हा व्यवहार गुन्हा ठरतो, आणि शिंग आपोआप गळून पडलेले होते हा बचाव चालत नाही.

आता सुरुवातीविषयी. माझे मत असे की पहिला चाकू नवा, नावाजलेल्या कंपनीचा आणि अगदी साधा घ्यावा, आणि तो कपाटात न ठेवता निदान दोन-तीन महिने रोज वापरावा. टूलरूममध्ये मास्टर गेज, म्हणजे बाकीची मापे ज्याच्याशी ताडून पाहतात ते प्रमाण माप, जे काम करते तेच काम हा पहिला चाकू तुमच्यासाठी करील : पाते उघडताना किती जोर लागावा, उघडल्यावर ते बाजूला किती हलावे, कमान मुठीशी किती सपाट बसावी, याचे माप एकदा हातात बसले की पुढे जुना किंवा अनोळखी चाकू हातात घेताच दोष आपोआप जाणवतो. ज्यांनी सुरुवातीलाच जुन्या बाजारातून दहा-बारा चाकू उचलले, त्यांच्याकडे बहुतेक दहा-बारा दुखणी गोळा झालेली मी पाहिली आहेत.

या पहिल्या जागेसाठी माझ्या डोळ्यांसमोर दोन नावे येतात. एक म्हणजे फ्रान्सच्या सावोआ प्रांतातील ओपिनेल. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये हा चाकू घडवला. बीच लाकडाची गोलसर मूठ, एक पाते, एक खीळ आणि धातूची पट्टी एवढाच त्याचा संसार. पाते उघडे असताना धातूचे कडे फिरवून ते पक्के करण्याची सोय 1955 मध्ये आली. याचा आठ नंबर हा सर्वांत प्रचलित, त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. तो कार्बन स्टीलमध्येही मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. तुम्ही कार्बन स्टीलचा घ्यावा, कारण पात्यावर रंग कसा चढतो आणि निष्काळजीपणा केला तर गंज किती लवकर धरतो, हे तोच शिकवतो. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगून पाते अडकते, हा त्याचा प्रसिद्ध दोष आहे आणि आपल्याकडच्या श्रावणात तो हमखास दिसेल.

दुसरे नाव स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये इबाख गावी कार्यशाळा सुरू केली आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला आरंभ केला. त्याआधीची पहिली खेप जर्मनीतील सोलिंगेनहून आणावी लागली होती, कारण एवढा माल काढण्याची ताकद त्या वेळी स्वित्झर्लंडमधील कोणाकडेच नव्हती. सर्वांच्या परिचयाचा लाल, अनेक अवजारांचा चाकू 1897 मध्ये नोंदवला गेला. त्याची लहान, 58 मिलिमीटरची आवृत्ती किल्ल्यांच्या जुडग्यात राहते. रोजच्या कामाला 84 किंवा 91 मिलिमीटरची बरी. याचे स्टील मुद्दाम फार कडक ठेवलेले नसते, रॉकवेल या कठीणपणाच्या मापावर ते 55-56 च्या आसपास भरते, त्यामुळे धार लवकर उतरते आणि तितक्याच लवकर परत लागते. शिकणाऱ्याला याहून चांगले काय हवे? मात्र या चाकूच्या नकला रस्तोरस्ती मिळतात. पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव सुबक कोरलेले आहे की नाही, दोन अवजारांमध्ये उजेड दिसतो काय, चिमटा आणि दातकोरणी आपापल्या खाचेत घट्ट बसतात काय, एवढे पाहिले तरी नक्कल बहुधा पकडली जाते.

चाकूबरोबरच धार लावायचा दगड घ्यावा, किंबहुना दुसरा चाकू घेण्याआधी तो घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा कार्बोरंडमचा दगड आरंभाला पुरतो. नंतर 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचे माप) पाण्यावरचा दगड घेता येईल. पाते दगडाशी साधारण 20 अंशांत धरून, दोन्ही बाजूंनी सारखे, पलीकडच्या कडेला बर (घासताना धारेवर उलटून आलेली धातूची बारीक कड) जाणवेपर्यंत घासावे आणि मग अगदी हलक्या हाताने ती बर काढावी. बर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नाही, म्हणून या बाबतीत तुम्ही इतर नवशिक्यांच्या चार पावले पुढे आहात. बेंच ग्राइंडर मात्र चाकूसाठी विसरून जावा.

यानंतर प्रश्न येतो तो संग्रहाच्या धाग्याचा. धागा नसेल तर संग्रह होत नाही, नुसता साठा होतो. आणि इंटरनेटवर जे हजारो प्रकार पाहून तुम्ही गोंधळलात ते सगळे जमवणे कोणालाच शक्य नाही. काही जण एकाच कंपनीचे सारे आकार जमवतात. ओपिनेलचे दोन ते बारा नंबर, मधला अकरा वगळून, असे दहा चाकू मिळाले की एक मालिका पुरी होते, आणि मालिका पुरी होण्याचे सुख नवशिक्याला आवश्यकही असते. काही जण गावांचे चाकू जमवतात : जपानमधील मिकी येथील हिगोनोकामी, ज्याला कमानही नाही आणि कुलूपही नाही, पात्याच्या मागील लहान दांडीवर अंगठा ठेवूनच ते उघडे धरायचे, किंवा सोलिंगेनचे चाकू, जेथील गावाचे नाव 1938 पासून कायद्याने राखलेले आहे. काही जण सांध्याच्या यंत्रणेवर लक्ष ठेवतात, म्हणजे नुसत्या कमानीचा, पाठीवरच्या कुलपाचा, आतील पट्टीच्या कुलपाचा असा एकेक नमुना. यंत्राची आवड असलेल्या तुमच्यासारख्यास हा तिसरा मार्ग रुचेल असे वाटते.

परंतु माझा स्वतःचा कल विचाराल तर तुमच्या दारातच एक धागा पडलेला आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. तो म्हणजे कलमाच्या चाकूंचा. तासगाव-पलूस-खानापूर भागात जंगली खुंटावर द्राक्षाचे पाचर कलम करणारी माणसे हंगामात गावोगाव फिरतात आणि त्यांच्या खिशातला चाकू हा सामान्य चाकू नसतो. तो हातात घेऊन नीट पाहा. त्याचे पाते बहुधा एका बाजूने पूर्ण सपाट असते आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे काडीवरचा काप लवलेशही वाकडा न जाता सरळ उतरतो आणि खुंट व काडी यांच्या साली एकमेकींना उजेड न दिसता चिकटतात. म्हणूनच डावखुऱ्या कारागिराला उजव्या हाताचा चाकू चालत नाही. डोळा भरण्याच्या, म्हणजे खुंटाच्या सालीत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवण्याच्या, चाकूला तर साल उचलण्यासाठी वेगळी बोथट जीभ असते, कधी पात्याच्या पाठीवर, कधी मुठीच्या टोकाला, आणि ती साल न फाटता उचलता यावी म्हणून काही वेळा हाडाची किंवा पितळेची केलेली असते. याला धार लावतानाही फक्त उताराच्या बाजूनेच लावायची, सपाट बाजू दगडावर सपाटच ठेवून नुसती बर काढायची. दोन्ही बाजूंनी सारखे घासले की चाकू कलमाच्या कामातून गेला.

कृषी सेवा केंद्रांत मिळणारे देशी बनावटीचे चाकू, जर्मन आणि स्विस कंपन्यांचे आयात चाकू, गावच्या लोहाराकडून जुन्या कानशीपासून किंवा करवतीच्या पात्यापासून करून घेतलेले चाकू, आणि वर्षानुवर्षे घासून अर्ध्या रुंदीचे झालेले म्हाताऱ्या कारागिरांचे चाकू, असे चार-पाच थर या एका धाग्यात सहज सापडतील. हा संग्रह परदेशातील कोणाकडे असण्याची शक्यता नाही आणि त्याला लागणारा पैसाही बेताचा आहे. प्रत्येक चाकूबरोबर तो वापरणाऱ्याची माहिती लिहून घ्यावी : कोणत्या गावचा, कोणत्या जातीच्या द्राक्षावर काम केले, हात कोणाकडून शिकला. रोजच्या वापरातील वस्तू जमवण्याची थोर परंपरा आपल्याकडे आहेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते यांचे जे दालन आहे ते मुद्दाम जाऊन पाहा. दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतून गोळा केलेला तो संग्रह 1975 मध्ये राज्य शासनाच्या हवाली केला. अडकित्त्यांचे दालन चाकूच्या संग्राहकाने तर पाहायलाच हवे, कारण खीळ, पाते आणि मूठ या तीनच गोष्टींतून किती रूपे काढता येतात ते तेथे दिसते.

चाकू शोधायला फार दूर जावे लागत नाही. सांगलीच्या गणपती पेठेतील जुनी हार्डवेअरची दुकाने, तालुक्याच्या आठवडी बाजारात धार लावणारे, भंगारवाले, यात्रांतील अवजारांची पाले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नातेवाइकांच्या ट्रंका. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जाल तेव्हा घाई करू नये आणि पहिल्या फेरीत काही घेऊही नये. चाकू हातात आला की पाते पूर्ण उघडून बाजूने हलवून पाहावे. खीळ झिजली असेल तर ते डुगडुगते. मिटवताना शेवटी ठक असा खणखणीत आवाज येऊन पाते आत गेले तर कमान जिवंत आहे. पाते मुठीच्या खाचेच्या मानाने फारच अरुंद दिसले तर ते घासून संपत आलेले आहे. कुठल्या पात्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा असेल तर ते नंतर बसवलेले असण्याचा संभव आहे. प्रदर्शनांतून ‘दमास्कस’ म्हणून विकले जाणारे नक्षीदार पात्यांचे स्वस्त चाकू सुरुवातीला टाळावेत. त्यांत नक्षी पुष्कळ आणि पाण्याची खात्री कमी असते. काळ्या रंगाचे, दात काढलेले, कवटीचे चित्र असलेले जे चाकू ऑनलाइन विकले जातात त्यांच्याविषयी न लिहिलेलेच बरे.

ठेवणीविषयी थोडक्यात. चाकू कातडी म्यानात घालून ठेवू नयेत, कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्यात शोषलेला ओलावा पात्याला खातात. तेलाचा पातळ हात फिरवून सुती कापडात गुंडाळावेत, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी प्रत्येक चाकू उघडून पाहावा. खोबरेल तेल वापरू नये, ते थंडीत गोठून सांधा धरते. जुन्या, रंगीत, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू इतरांपासून वेगळे ठेवावेत. ते साहित्य कुजू लागले की त्यातून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफेने शेजारचे चाकूही गंजतात. प्रत्येक चाकूची वहीत नोंद असावी : केव्हा, कोठे, कोणाकडून, किती रुपयांना, पात्याची लांबी किती, खुणा कोणत्या. पावती मिळाली तर ती त्याच पानाला चिकटवावी.

या पावतीचा संबंध वडिलांच्या काळजीशीही आहे. ती काळजी अनाठायी नाही, पण तिच्या मर्यादा माहीत असाव्यात. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालील 2016 चे नियम यांत ज्या धारदार शस्त्रांचा समावेश आहे, त्यांत पात्याची लांबी 9 इंचांहून किंवा रुंदी 2 इंचांहून अधिक असलेले चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. वर सांगितलेले सारे चाकू या मापांच्या पुष्कळ आत आहेत. तथापि घरात ठेवणे निराळे आणि रस्त्यावर घेऊन फिरणे निराळे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा तणावाच्या प्रसंगी जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, सांगली-साताऱ्यात गणेशोत्सवाच्या सुमारास ते नेहमीचेच आहेत, आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगणे हाच गुन्हा होतो. तेथे पात्याची इंचांतली लांबी कोणी विचारीत नाही. म्हणून संग्रहातील चाकू खिशात घालून बाजारात, मिरवणुकीत किंवा यात्रेत जाऊ नये. खरेदी करून घरी आणताना तो मिटलेला, गुंडाळलेला आणि पावतीसह पिशवीच्या तळाशी असावा. कोल्हापूरहून विमानाने जाताना हातातल्या सामानात तो चालत नाही, चेक-इनच्या सामानातच द्यावा लागतो.

खटक्याचे, म्हणजे बटण दाबताच पाते बाहेर उसळणारे चाकू आणि लांब पात्याचे रामपुरी यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांचा इतिहास रंजक आहे हे मान्य, पण पोलिसांच्या दृष्टीने ते अवजार ठरत नाही आणि नव्या संग्राहकाने तो वाद ओढवून घेण्याचे कारण नाही. त्याहून कळकळीची सूचना अशी की चाकू हातात धरून रील करू नका, तलवारीने केक कापणाऱ्यांच्या यादीत आपले नाव जाऊ देऊ नका. हातात कोयते नाचवणाऱ्या मुलांवर आपल्याकडे गुन्हे दाखल होतात आणि ते योग्यच आहे. छायाचित्र टाकायचेच असेल तर पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, चाकूचे टाकावे. चेहरा आणि आविर्भाव त्यात नसावा. साताऱ्याच्या संग्रहालयात 2024 मध्ये लंडनहून वाघनखे आली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली, आणि तो ओढा आपल्या रक्तातला आहे; परंतु शस्त्रांचा संग्रह ही कायद्याची, परवान्यांची आणि संग्रहालयांची वेगळी वाट आहे. तुम्ही अवजारांच्या वाटेने जावे.

आईंच्या आक्षेपाला शब्दांनी उत्तर देण्याच्या फंदात पडू नका. धार लावायला हात बसला की प्रथम स्वयंपाकघरातील विळी आणि सुऱ्या लावून द्याव्यात. विळीच्या पात्याचा बाक दगडावर सांभाळणे कठीण असते, त्यासाठी लहान दगड हातात धरून पात्यावर फिरवावा. टोमॅटो न चेंगरता कापला जाऊ लागला की घरातील वातावरण पुष्कळ निवळेल. खंडेनवमीला घरची अवजारे पुजली जातात, कंपनीत तुम्ही लेथला आणि मिलिंग मशीनला फूल वाहताच. त्या दिवशी आजोबांचा चाकूही पाटावर ठेवावा आणि तो ठेवण्यास आईंनाच सांगावे. घरात लहान मुले येत-जात असतील तर कपाटाला कुलूप मात्र पहिल्या दिवसापासून हवे, या बाबतीत आईंचे म्हणणे निर्विवाद मान्य करावे.

राहिला पैशाचा प्रश्न. पुढे किंमत वाढेल या हिशोबाने एकही चाकू घेऊ नये. कारखान्यात हजारोंनी निघणारे नवे चाकू, त्यांवर ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का असला तरी, विकायला गेल्यावर बहुतेक वेळा घेतल्या किमतीलाही जात नाहीत. आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला पुरावस्तूंचा 1972 चा कायदा लागू होतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. महिन्याच्या पगारातून एक लहान रक्कम ठरवावी, ती शिल्लक टाकत जावे, आणि तीन-चार महिन्यांत एक, पण पाहून-पारखून घेतलेला चाकू घ्यावा. एकसारखे दोन झाले तर एक दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदलीत द्यावा. या छंदातले चांगले चाकू बहुधा असेच हात बदलतात. मूळ खोके आणि कागद फेकू नयेत, त्यांच्यासह चाकूला अदलाबदलीत वजन येते. आणि वडिलांना खर्चाची वही दर महिन्याला स्वतःहून दाखवावी, ते मागण्याची वाट पाहू नये.

आपला,
सदरलेखक